एफबी कागद: डेव्हलपरपेक्षा फिक्सर आणि पाण्याकडे जास्त बघ

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की डार्करूममध्ये दीड वर्ष आरसी (रेझिन कोटेड) कागदावर फोटोचे प्रिंट काढलेस, हात बसला, मग हौसेने एफबी (फायबर बेस) कागदाचा ८ बाय १० इंची डबा मागवला आणि सगळं आरसीसारखंच केलं. फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रव्य, महिनाभर आरसीला वापरलेलाच होता, पण 'खात्रीसाठी' त्यात दहा मिनिटं ठेवलंस आणि मग नळाखाली वीस मिनिटं धुतलंस. ट्रेमध्ये प्रिंट बघून खूश झालास, सुकल्यावर तेच प्रिंट काळवंडले, पापडासारखे वळले, आणि आता दोन महिन्यांनी ऐन पावसात नऊपैकी दोन प्रिंटच्या कडेला पिवळट तपकिरी डाग उठलेत. कागद खराब आला का, असं विचारतोयस.

कागद चांगला आहे रे. वापरलेला फिक्सर, त्यात दहा मिनिटं आणि मग नुसतं वीस मिनिटं पाणी, हे तिन्ही एकत्र आले की कुठल्याही कंपनीच्या एफबीवर असेच डाग येणार, आणि आपल्या गोव्याच्या हवेत जरा लवकरच येणार. मी गेली तीस वर्षं फोंड्याजवळ घरच्या डार्करूममध्ये एफबीवरच काम करतोय, सुरुवातीला मीही अगदी हेच केलं होतं, आमच्या आजीचा बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलेला एक फोटो होता, तिच्या मांडीवर सोललेल्या अबोलीच्या कळ्या, तो प्रिंट दुसऱ्या पावसाळ्यात कडेपासून पिवळा पडत आत सरकत गेला आणि नंतर निगेटिव्हही बुरशीने गेली. म्हणून हे जरा लांब लिहितोय, घाई न करता वाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. आरसी म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा थर, केमिकल फक्त वरच्या जिलेटिनमध्ये जातं, आतला कागद कोरडाच राहतो, म्हणून दोन मिनिटांत धुऊन होतो. एफबी म्हणजे नुसता जाड कागद, त्यावर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या बेरियम सल्फेटचा पांढरा थर, त्याला बरायटा म्हणतात, आणि त्यावर इमल्शन, म्हणजे चित्र ज्यात उमटतं तो जिलेटिनचा थर. हा कागद पाणी पितो. जे काही ट्रेमध्ये आहे ते सगळं पितो, डेव्हलपर, ॲसिड, हायपो म्हणजे फिक्सरमधलं थायोसल्फेट, सगळं धाग्यांमध्ये जाऊन बसतं. आत जायला वेळ लागतो आणि बाहेर यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एफबीची सगळी प्रोसेस ह्या एका गोष्टीभोवती फिरते. आत कमीत कमी जाऊ द्यायचं आणि गेलेलं पूर्ण बाहेर काढायचं. तुझी दहा मिनिटं म्हणजे खात्री नव्हती, दहा मिनिटं तू कागदाला हायपो पाजत होतास.

आता डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रव्य. इथे फार अडचण नसते पण दोन गोष्टी सांगतो. एफबीवर चित्र आरसीपेक्षा सावकाश उमटतं आणि पूर्ण व्हायलाही वेळ घेतं, त्यामुळे एक मिनिटात 'झालं वाटतं' म्हणून उचललंस तर काळा रंग काळा येणारच नाही, चिखलासारखा राखाडी येतो. मी घरीच डी-७२ बनवतो, एक लिटर स्टॉकला, म्हणजे मूळ घट्ट द्रावणाला, मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८० ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम, ह्याच क्रमाने कोमट पाण्यात एकेक विरघळवायचं, आणि वापरताना एक भाग स्टॉकला दोन भाग पाणी. २० डिग्रीला दोन मिनिटं, कमीत कमी. तयार मिळतो तो घेतलास तरी चालेल, फरक पडत नाही. हातमोजे मात्र घाल, मेटॉलने कातडीला खाज सुटते आणि एकदा सुटली की ती ॲलर्जी आयुष्यभर जात नाही.

पण २० डिग्री आणणार कुठून? मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी ३५ च्या वर जातं, माझ्या थर्मामीटरवर विहिरीचं पाणी त्याच दिवशी २७ असतं, म्हणून केमिकल आणि धुणं दोन्हीला मी विहिरीचंच पाणी घेतो, कपड्यातून गाळून. डेव्हलपरचा ट्रे एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवायचा, बाहेरच्या ट्रेमध्ये पाणी आणि फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, पातळ होतो. जास्त काम असेल तर मी जेटीवरून मासळीचा बर्फ आणतो, तो बाहेरच्या ट्रेमध्ये चालतो, फक्त नीट झाकून ठेव, त्याचा एक थेंबही आत जायला नको, मिठाचा वास असतो त्याला.

इतकं करूनही रात्री दहाला २१ असलेलं तापमान बारापर्यंत २५ होतं. तेव्हा घड्याळाच्या मागे लागू नकोस, गुणाकाराची पद्धत वापर, आपल्या हवेला ती फार उपयोगी आहे. प्रिंट डेव्हलपरमध्ये टाकल्यापासून एखादी ठरावीक गडद जागा पहिल्यांदा दिसायला किती सेकंद लागले ते मोज, म्हणजे दाराच्या आतला अंधार किंवा केस, दर वेळी तीच जागा. समज १८ सेकंद लागले आणि दोन मिनिटांच्या जरा वर गेल्यावर प्रिंट हवा तसा आला, म्हणजे तुझा आकडा ७. नंतर डेव्हलपर तापला आणि तीच जागा १२ सेकंदात दिसली तर १२ गुणिले ७, ८४ सेकंद. थंड झाला, दमला, तरी हाच हिशेब. मी प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर हा आकडा लिहून ठेवतो आणि सहा महिन्यांनी परत काढलेला प्रिंट पहिल्याशी जुळतो.

हाताळणीचं एक. ओला एफबी कागद जड होतो, लुळा पडतो, आणि जिलेटिन फुगून साईसारखं मऊ असतं. चिमट्याने मधे कुठे धरलंस तर अर्धचंद्रासारखी दुमड पडते आणि ती कधीच जात नाही. कडेच्या पांढऱ्या पट्टीलाच धर, मोठा कागद असेल तर दोन हातांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांत धरून उचल, कोपरा खाली करून १०-१५ सेकंद निथळू दे आणि मगच पुढच्या ट्रेमध्ये. हे निथळणं लोक टाळतात आणि अर्धा कप डेव्हलपर स्टॉपमध्ये, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या ॲसिडमध्ये, नेतात.

स्टॉप बाथला एक टक्का ॲसेटिक ॲसिड पुरतं, ३० सेकंद सारखं हलवत. बाजारातलं साधं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर, बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं, ते एक भाग आणि पाणी तीन भाग. आपलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर वापरू नकोस, रंग असतो, गाळ असतो, ते सोरपोतेल ह्या मटणाच्या पदार्थालाच राहू दे. आणि वास जाणवेल इतकं तीव्र ॲसिड करू नकोस, डेव्हलपरमधल्या कार्बोनेटशी ते भिडलं की इमल्शनमध्ये कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात आणि उन्हाळ्यात मऊ झालेल्या जिलेटिनवर त्यांचे फोड येतात. बारीक टाचणीच्या डोक्याएवढे, तिरप्या उजेडात दिसतात.

आता फिक्सर. खरं काम इथून सुरू होतं आणि बहुतेक जण इथूनच कंटाळायला लागतात, रात्रीचे साडेबारा झालेले असतात ना.

फिक्सर काय करतो ते समजून घे म्हणजे डाग कुठून आले ते कळेल. जिथे उजेड पडला नाही तिथलं सिल्व्हर हॅलाइड, म्हणजे इमल्शनमधला चांदीचा क्षार, थायोसल्फेटशी जोडलं जातं आणि विरघळून बाहेर येतं. पण हे टप्प्याटप्प्याने होतं. फिक्सर ताजा असेल तर ते संयुग पाण्यात सहज विरघळणाऱ्या रूपात जातं. फिक्सर दमलेला असेल, म्हणजे त्यात आधीच खूप चांदी साठलेली असेल, तर प्रक्रिया मधेच अडकते आणि जे संयुग तयार होतं ते नीट विरघळत नाही, कागदाच्या धाग्यांना चिकटून बसतं. ते तू तीन तास धुतलंस तरी निघत नाही. डोळ्यांना दिसतही नाही, कागद पांढराशुभ्र दिसतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी दमट हवेत ते फुटतं आणि सिल्व्हर सल्फाइड होतं, तोच तो पिवळट तपकिरी डाग. तुझ्या प्रिंटच्या कडेला, जिथे चित्रच नाही अशा कोऱ्या पट्टीवर डाग आहे ना, ती ह्याची खूण आहे. दुसरा प्रकार वेगळा, हायपो कागदात राहून गेला तर त्यातलं गंधक चित्राच्याच चांदीला खातं, आधी हलके राखाडी भाग पिवळे पडून उडायला लागतात. आमच्या आजीच्या प्रिंटला दोन्ही झालं होतं.

म्हणून नियम असा की फिक्सर ताजा हवा, जोरदार हवा आणि वेळ थोडा हवा. अमोनियम थायोसल्फेटवाला रॅपिड फिक्सर, एकाला चार भाग पाणी, ह्यात एफबीला एक मिनिट पुरतं. हो, एकच मिनिट, इल्फर्ड ह्या कागद-केमिकलच्या कंपनीच्या माहितीपत्रकातही हेच आहे. एक मिनिटात तो इमल्शनमधलं काम संपवतो आणि कागदाच्या पोटात फार खोल जायला त्याला वेळच मिळत नाही. ह्यात दहा मिनिटं ठेवलं की एकतर कागद भिजून चिंब होतो आणि दुसरं म्हणजे रॅपिड फिक्सर हलके टोन खायला लागतो, ढगांमधले बारीक तपशील जातात. आणि हा उष्ण असेल तर आणखी लवकर.

मी दोन ट्रे लावतो, पहिला फिक्सर आणि दुसरा फिक्सर, दोन्ही सारखेच. पहिल्यात अर्धा वेळ, दुसऱ्यात अर्धा. माझा हात सावकाश चालतो म्हणून ४५ आणि ४५ सेकंद. चांदीचा सगळा भार पहिला उचलतो, दुसरा जवळजवळ स्वच्छच राहतो, त्यामुळे दर प्रिंट शेवटी ताज्या फिक्सरमधूनच बाहेर पडतो. पहिला दमला की तो काढून टाकायचा, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणायचं आणि दुसरा नवीन करायचा. किती प्रिंटनंतर दमतो? एकाच ट्रेने काम करत असशील आणि प्रिंट टिकायला हवे असतील तर लिटरला ८ बाय १० चे दहाच कागद धर. बाटलीवर ४० लिहिलेलं असेल, ते साध्या व्यावसायिक कामासाठी, आपल्या दमट हवेत तीस वर्षं टिकवायचे त्याला तो आकडा धरू नकोस. मी भिंतीवर खडूने रेघा मारतो, प्रत्येक कागदाला एक रेघ, आठवणीवर कधी विसंबत नाही.

जुन्या स्टुडिओंत साधा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरायचे, तो सावकाश चालतो, त्याला दोन ट्रेमध्ये पाच-पाच मिनिटं लागायची. 'फिक्सर दहा मिनिटं' हा आकडा तुला कोणीतरी सांगितला असेल तर तो त्या काळातून आलेला आहे, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू ब्रोमाइड पेपर वापरणारी माणसं तेच सांगायची आणि साध्या हायपोसाठी ते बरोबरच होतं. रॅपिडला तो आकडा लावायचा नाही. आणि तुरटीवाला हार्डनर घातलेला फिक्सर उन्हाळ्यात मोहात पाडतो, जिलेटिन घट्ट राहतं खरं, पण मग धुणं फार लांबतं आणि टोनिंग, म्हणजे चित्रातल्या चांदीवर दुसऱ्या द्रव्याची प्रक्रिया, नीट होत नाही. मी घालत नाही. त्यापेक्षा तापमान २४ च्या खाली ठेवायला मेहनत घेतो.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नकोस, विशेषतः विहीर जवळ असेल तर अजिबात नाही. त्यात चांदी आहे. पूर्वी स्टुडिओतला हायपो चांदी काढणारे विकत घेऊन जायचे. मी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवतो, त्यात भांडी घासायच्या लोखंडी तारेचा गोळा टाकून ठेवतो, चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते.

मग धुणं. इथे पाण्याचा जोर कामाचा नाही, वेळ आणि बदल कामाचे आहेत. धाग्यांत अडकलेला हायपो आतून बाहेर सावकाश झिरपतो, आजूबाजूचं पाणी स्वच्छ असेल तोवर झिरपत राहतो, पाणी आणि कागद दोन्हीत सारखा झाला की थांबतो. नळाची धार प्रिंटच्या एका कोपऱ्यावर पडते आणि बाकीचे तीन कोपरे एकमेकांना चिकटून बसलेले असतात, तुझी वीस मिनिटं तशीच गेली असणार. एफबीला नुसत्या पाण्याने तासभर लागतो, तोही नीट बदलत्या पाण्यात.

हा तास कमी करायचा उपाय म्हणजे सल्फाइटचा ट्रे. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर गोडं पाणी कमी म्हणून फोटो समुद्राच्या पाण्यात धुवायचे आणि लक्षात आलं की खाऱ्या पाण्यात हायपो उलट लवकर निघतो. क्षारातले आयन थायोसल्फेटची जागा घेतात आणि त्याला बाहेर ढकलतात. त्यावरूनच पुढे धुण्याला मदत करणारी द्रव्यं आली. आपल्या दारात समुद्र असला तरी समुद्राचं पाणी आणू नकोस, मीठ कागदात राहिलं तर चित्र खराब होतं आणि आपल्या हवेत ते मीठ ओलही धरून ठेवतं. सोडियम सल्फाइट २० ग्रॅम एक लिटर पाण्यात, एवढंच. दुकानात नाव नीट सांग, सल्फाइट, सल्फेट नाही आणि सल्फाइड तर नाहीच. ते त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी टाकून द्यायचं.

माझा क्रम असा चालतो, फिक्सरनंतर पाच मिनिटं पाणी, मग सल्फाइटमध्ये दहा मिनिटं हलवत, मग परत पाणी. इल्फर्ड शेवटी वाहत्या पाण्यात पाचच मिनिटं सांगतात. माझ्याकडे वाहतं पाणी नाही, म्हणून मी भरायचं-ओतायचं करतो, खोल ट्रेमध्ये तीन लिटर विहिरीचं पाणी, चार प्रिंट, खालचा काढून वर, खालचा काढून वर, असं पत्ते पिसल्यासारखं फिरवत राहायचं, तीन मिनिटांनी सगळं ओतून नवीन पाणी, असे आठ वेळा. २४ लिटरमध्ये चार प्रिंट होतात. ओपाचं, म्हणजे नळाचं, पाणी दोन दिवस बंद असलं तरी एवढं पाणी घरात निघतं. हे पाणी झाडांना मात्र घालत नाही मी, पहिली दोन तर नाहीच.

उन्हाळ्यात धुण्याचं पाणी २७ च्या वर गेलं तर जिलेटिन कडेने सुटायला लागतं, झालरीसारख्या सुरकुत्या येतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी प्रिंट रात्री काढतो आणि पहाटे पाच-साडेपाचला धुतो. मधल्या वेळात प्रिंट पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतो पण तीन-चार तासांपेक्षा जास्त नाही, रात्रभर पडून राहिले की इमल्शन निसटू शकतं. खरं तर मी मोठं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करतो, जानेवारीच्या रात्री नुसत्या बाटल्यांनीच काम भागतं, बर्फ लागत नाही.

धुणं झालं की नाही हे नजरेने कळत नाही, म्हणून दोन थेंबांच्या चाचण्या करून बघ. एक हायपोसाठी, सिल्व्हर नायट्रेट ७.५ ग्रॅम, २८ टक्के ॲसेटिक ॲसिड १२५ मिली, पाणी घालून एक लिटर, आपल्याला अर्थात ह्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच पुरे, आणि काळ्या बाटलीत ठेवायचं. प्रिंटच्या पांढऱ्या कडेवरचं पाणी टिपून एक थेंब टाक, दोन मिनिटं थांब, टिपून घे. जेमतेम दिसेल न दिसेल असा फिका डाग राहिला तर ठीक, चहासारखा रंग आला तर परत पाण्यात. दुसरी चाचणी राहून गेलेल्या चांदीसाठी, सेलेनियम टोनर एकाला नऊ भाग पाणी, त्याचा थेंब ओल्या कडेवर दोन-तीन मिनिटं. काहीच नाही आलं तर फिक्सिंग बरोबर झालं, पिवळट ठिपका आला तर परत ताज्या फिक्सरमध्ये. दर बॅचमधल्या एका प्रिंटवर मी हे अजूनही करतो.

सेलेनियम घेतलासच तर टोनिंगही कर. एकाला वीस, तीन ते पाच मिनिटं, रंग फारसा बदलत नाही पण काळा रंग खोल जातो आणि चांदीचा काही भाग सिल्व्हर सेलेनाइड होतो, त्याला दमट हवेतले वायू तितके लागत नाहीत. माझा क्रम फिक्सर, पाणी, सेलेनियम, सल्फाइट, शेवटचं पाणी. खिडकी उघडी ठेव, अमोनियाचा वास असतो, आणि मोजे घातल्याशिवाय हात घालू नकोस, ते विषारी आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न, सुकल्यावर काळवंडणं. हे तुझ्या चुकीमुळे नाही, एफबी सुकताना गडद होतोच. ओला असताना फुगलेलं जिलेटिन उजेड जास्त परत फेकतं, सुकून बसलं की हलके टोन एक पायरी खाली उतरतात. मला हे पणजीच्या चर्चने शिकवलं, ती पायऱ्यांवरची पांढरी चर्च आहे ना, पाऊस संपल्यावर नुकताच चुना लावलेला दर्शनी भाग, दुपारचं ऊन. कागदाला १४ सेकंद उजेड दिल्यावर ट्रेमध्ये असा प्रिंट आला की चुन्याचा पोतसुद्धा दिसत होता, मी त्यावर चार प्रिंट काढले, सकाळी बघतो तर चर्च ढगाळ दिवसात उभी असल्यासारखी राखाडी. त्या रात्री १३ सेकंदांवर काढला, ओला असताना पांढरा भाग जरा कोराच वाटत होता, मन मानत नव्हतं, पण सुकल्यावर तो बरोबर जागेवर येऊन बसला. म्हणजे उजेड साधारण ७ टक्के कमी, कागदाप्रमाणे थोडं कमी-जास्त. तुझ्या कागदाचा आकडा तूच शोध. टेस्ट स्ट्रिप, म्हणजे चाचणीसाठी काढलेली कागदाची पट्टी, धुऊन हेअर ड्रायरने खणखणीत सुकव आणि ओल्या स्ट्रिपच्या शेजारी ठेवून बघ. शिवाय फिक्सरच्या ट्रेवर फार झगझगीत बल्ब असेल तर तो बदल, भडक उजेडात काळा प्रिंटही छान दिसतो आणि घरच्या भिंतीवर लावला की विहिरीत गेल्यासारखा वाटतो.

वळणं हाही कागदाचा स्वभाव आहे, जिलेटिन सुकताना आकसतं आणि कागदाला आपल्याकडे ओढतं. काचेवर प्रिंट ठेवून आधी पाठीमागून, मग पुढून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, हलक्या हाताने पाणी काढ. मग नायलॉनच्या मच्छरदाणीची जाळी लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली असेल तिच्यावर ठेव. पुस्तकात बहुतेक उपडं ठेवा म्हणतात, पण आपल्याकडे गरमीत जिलेटिन मऊ असतं आणि जाळीची नक्षी उमटते, म्हणून मी आधी सुलटं ठेवतो, बोटाला चिकटेनासं झालं की उपडं करतो. एकदम सपाट हवा असेल तर ओला प्रिंट काचेवर सुलटा ठेवून चारी कडांना पाण्याने चिकटणारी तपकिरी कागदी टेप लाव, सुकताना तो स्वतःच ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो, मग ब्लेडने कडा कापून काढायचा. कापायला कडेची पट्टी रुंद सोडलेली असायला हवी, हे एक्सपोज करतानाच लक्षात ठेव. पंख्याखाली किंवा उन्हात सुकवू नकोस, जितकं लवकर सुकेल तितकं जास्त वळेल. थोडं वळण राहिलंच तर दोन स्वच्छ कागदांमध्ये घालून चार दिवस जाड पुस्तकांखाली.

जून ते सप्टेंबर मी एफबी काढतच नाही. एक तर सुकायला दोन-तीन दिवस लागतात, वरून कोरडा वाटतो आणि आतून ओला असतो, एकावर एक ठेवले की चिकटतात, आणि ओल्या जिलेटिनवर बुरशीला काय हवं असतं अजून. आधीचे प्रिंट मी लाकडी कपाटात ठेवत नाही, पत्र्याच्या कपाटात ठेवतो, खालच्या खणात ४० वॅटचा बल्ब दिवसातून काही तास लावतो, मधे सिलिका जेल, आणि चवथीच्या आधी एकदा सगळे बाहेर काढून बघतो. वर्तमानपत्रात गुंडाळणं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणं, चिऱ्याच्या भिंतीला टेकवून फ्रेम लावणं, हे तिन्ही टाळ. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटव म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळेल, पावसात भिंत पाझरते तेव्हा कळेल तुला.

राहिले ते तुझे नऊ प्रिंट. दोन डागाळलेत ते मूळ रूपात परत येतील अशी खात्री मी देत नाही, डाग म्हणजे झालेलं सल्फाइड, ते काढणारी द्रव्यं चित्रालाही खातात. पण उरलेले सात त्याच फिक्सरमधून गेलेत आणि त्यांच्यात तेच संयुग अजून फुटायचं आहे, म्हणून एरवी पावसाळ्यात मी ट्रे काढत नसलो तरी ह्यांच्यासाठी थांबू नकोस. ह्याच आठवड्यात ताजा रॅपिड फिक्सर कर, दोन ट्रे. प्रिंट आधी साध्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून मऊ कर, कोरडा तसाच फिक्सरमध्ये टाकू नकोस, नाहीतर ठिकठिकाणी वेगळा शोषला जाईल. मग ४५-४५ सेकंद, पाच मिनिटं पाणी, सल्फाइट दहा मिनिटं, आठ पाणी. एकाच्या कडेवर दोन्ही थेंब टाकून बघ. सुकवायची पंचाईत होईल ह्या दिवसांत, म्हणून पाठीला पाठ लावून दोन-दोन प्रिंट चारही कोपऱ्यांना चिमटे लावून दोरीवर टांग, सातवा एकटाच टांगावा लागेल, खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर ठेव, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत एकमेकांवर ठेवू नकोस. थेंबांचे रंग काय आले ते कळव, त्यावरून बाकीच्या डब्याचं काय करायचं ते ठरवू.